अमेरिकेतून विलायतेत डॉक्टरकी शिकायला

वाचकहो, आपल्या बेटावरच्या मराठी घरांत कोणाचे मूल डॉक्टर व्हायला निघाले की ती बातमी एका घराची राहत नाही. कास्कावेलपासून वाक्वापर्यंत सर्वांना ती कळते. गणपतीला जमलो की आरती झाल्यावर पहिला विषय तोच निघतो. जागा कुठे मिळाली, खर्च किती, लॉरिएट होता की वडिलांनी जमीन विकली, अशी सगळी चौकशी होते. आता मात्र आपल्या कुटुंबांच्या फांद्या बेटाबाहेरही पसरल्या आहेत. कोणाची बहीण लंडनला आहे, कोणाचा पुतण्या टोरोंटोला, तर कोणी थेट अमेरिकेत जाऊन बसले आहे. त्यांची मुले तिकडे जन्मली, तिकडच्या शाळेत वाढली आणि आता त्यांचे आईबाप इकडे फोन करून विचारतात.

असाच एक प्रश्न आमच्याकडे मूळच्या वाक्वाच्या, पण वीस वर्षे न्यू जर्सीत असलेल्या एका घरातून आला. "गुरुजी, आमची मुलगी अकरावीत आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे आणि ते विलायतेत जाऊन. तुम्ही तर केंब्रिजची मुले शिकवता, तुम्हीच सांगा अर्ज कसा करायचा."

हा प्रश्न अमेरिकेतल्या मास्तरांना न विचारता बेटावरच्या मास्तरांना का विचारला, ह्याचे वाचकांस आश्चर्य वाटेल; पण त्यात अर्थ आहे. आपली एचएससीची परीक्षा केंब्रिजची. आपल्या अप्पर सिक्समधल्या मुलाचे रसायनशास्त्राचे 'ए' विलायतेतल्या कोणत्याही विद्यापीठाला समजावून सांगावे लागत नाही. अर्ज कसा भरायचा, शिफारसपत्र कसे लिहायचे, अपेक्षित गुण कसे कळवायचे हे आपल्या शाळांच्या कचेऱ्यांना पाठ आहे. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलच्या समुपदेशकाने मात्र आयुष्यात एकही असा अर्ज पाहिलेला नसण्याचा संभव फार. तेव्हा जे आपल्या मुलांना हवेपाण्यासारखे सहज मिळते, ते तिकडच्या मुलीला एकेक करून जमवावे लागते.

अर्जाची गोष्ट सांगण्याआधी आम्ही त्या माउलीला एकच उलट प्रश्न विचारला : "मुलगी शिकून झाल्यावर कुठे राहणार?" ती म्हणाली, "अर्थात घरी येणार, अमेरिकेत." ह्या उत्तराकडे आम्ही पुढे येऊच, सगळा लेख खरे म्हणजे त्या उत्तरासाठी लिहीत आहोत.

प्रथम हे लक्षात घेऊ या की तिकडची मुले विलायतेकडे का पाहतात. अमेरिकेत शाळा संपल्यावर डॉक्टरकीला जाता येत नाही. आधी चार वर्षे कॉलेजची पदवी, मग एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर तीन ते सात वर्षे रुग्णालयातली रेसिडेन्सी. विलायतेत अठराव्या वर्षी थेट वैद्यकात प्रवेश मिळतो आणि पाच किंवा सहा वर्षांत पदवी हाती येते. पदवीच्या नावात 'बॅचलर' हा शब्द असला तरी अमेरिकेत ती एम.डी.च्या बरोबरीची वैद्यकीय पदवी धरली जाते. म्हणजे दोन-तीन वर्षे वाचली. सतरा वर्षांच्या मुलीला ही दोन-तीन वर्षे युगासारखी वाटतात. आईबापांनाही वाटतात, कारण कॉलेजची चार वर्षे झाल्यावरही वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडेलच असे नाही.

शिवाय हा रस्ता जुनाच आहे. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हापासून तिकडचे तरुण एडिंबरोला वैद्यक शिकायला जात. जॉन मॉर्गन ह्यांनी १७६३ साली एडिंबरोची पदवी घेतली आणि १७६५ साली त्यांनी फिलाडेल्फियात वसाहतींतले पहिले वैद्यकीय विद्यालय उभारले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन रश हेही एडिंबरोचेच, १७६८ सालचे. त्याहून मोठी गोष्ट जेम्स मॅक्यून स्मिथ ह्यांची. न्यू यॉर्कमध्ये गुलामीत जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णी तरुणाला अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी वर्णामुळे घेतले नाही. ग्लासगो विद्यापीठाने घेतले. १८३७ साली तेथून एम.डी. होऊन ते न्यू यॉर्कला परतले. वैद्यकीय पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन. ज्यांच्या पूर्वजांनी गिरमिटावर सही करून किंवा अंगठा उठवून बेटावर पाऊल टाकले, त्या आपल्यासारख्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्या मराठी माणसांत तर दोन्ही वाटा चोखाळणाऱ्या स्त्रिया झाल्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली तेथून डॉक्टर झाल्या. रखमाबाईंनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले आणि १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. एक अमेरिकेत, एक विलायतेत. आमच्या न्यू जर्सीच्या मुलीला ही नावे ठाऊक नव्हती. तिच्या आईलाही एकच ठाऊक होते.

आता अर्जाकडे वळू. विलायतेत प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज जात नाही. यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत सर्व अर्ज जातात. एकूण पाच जागा निवडता येतात, पण वैद्यकाच्या फक्त चार. पाचवी जागा दुसऱ्या कोणत्याही विषयासाठी ठेवता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ह्यांपैकी एकालाच अर्ज करता येतो. अमेरिकेत मुले दहा-दहा, पंधरा-पंधरा कॉलेजांना अर्ज पाठवतात. त्यांना चार हा आकडा ऐकूनच धडकी भरते.

दुसरी धडकी तारखेची. इतर विषयांना जानेवारीपर्यंत मुदत असते, वैद्यकाला मात्र पंधरा ऑक्टोबर, लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे सहा. तेव्हा न्यू जर्सीत दुपारचा एक वाजलेला असतो, आपल्याकडे रात्रीचे नऊ. अमेरिकेत बारावीचे वर्ष सुरू होते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. म्हणजे शाळा उघडल्यावर सहा-सात आठवड्यांत सगळे कागद तयार हवेत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच सांगून ठेवावे लागते. आम्ही स्वतः शिक्षक आहोत, म्हणून सांगतो : सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही शिक्षकाकडून मन लावून लिहिलेले पत्र मिळण्याची आशा धरू नये.

त्याहीआधी यूकॅट. ही परीक्षा जुलै ते सप्टेंबर ह्या काळात संगणकावर होते आणि जगभरच्या केंद्रांत देता येते, अमेरिकेतही. एका वर्षात एकदाच देता येते आणि तिचे गुण त्याच वर्षीच्या अर्जाला चालतात. तिच्यात जीवशास्त्र नाही, रसायनशास्त्र नाही. उतारा वाचून अर्थ काढणे, निर्णय घेणे, आकडेमोड आणि डॉक्टर म्हणून प्रसंगी कसे वागाल, असे चार भाग आहेत. आकृत्यांचा एक जुना भाग होता, तो २०२५ पासून काढून टाकला. उताऱ्याच्या भागात बावीस मिनिटांत चव्वेचाळीस प्रश्न असतात. अर्ध्या मिनिटाला एक! हुशार मूलसुद्धा पहिल्यांदा हे पाहून हबकते. ही सरावाची गोष्ट आहे, बुद्धीची नाही, असे आमचे मत. उन्हाळ्यातले सहा आठवडे रोज बसले तर हात बसतो. बीमॅट नावाची दुसरी परीक्षा काही विद्यापीठे घेत असत. ती २०२३ नंतर बंद झाली. तिच्या तयारीची जुनी पुस्तके आणून ठेवली असतील तर ती रद्दीत द्यावी.

आता सर्वांत अवघड गाठ. अमेरिकेतल्या हायस्कूलचे नुसते प्रमाणपत्र, कितीही चांगल्या गुणांचे असो, विलायतेतल्या वैद्यकाला पुरत नाही. आपल्या ए-लेव्हलच्या जागी तिकडे एपी नावाच्या परीक्षा धरल्या जातात. त्या मे महिन्यात होतात, एक ते पाच असे गुण मिळतात आणि वैद्यकासाठी बहुधा तीन किंवा अधिक विषयांत पाच, क्वचित चार गुण मागतात. रसायनशास्त्र जवळजवळ सर्वत्र हवेच. त्यासोबत जीवशास्त्र, आणि पुष्कळदा गणित किंवा भौतिकशास्त्र. काही विद्यापीठे सॅटचे गुणही मागतात. आता अडचण अशी की प्रत्येक अमेरिकी शाळेत एपी रसायनशास्त्र शिकवतातच असे नाही. दहावीतच ठरवले नाही तर बारावीपर्यंत ते विषय पुरे होत नाहीत. आमच्या मुलीचे जीवशास्त्र झाले होते आणि कॅल्क्युलस चालू होते, रसायनशास्त्राचे मात्र नाव नव्हते. तिच्या शाळेत तो वर्ग होता म्हणून बरे. बारावीत तो घ्यायचे ठरले. तोपर्यंत शिक्षकाने 'हिला पाच गुण मिळतील' असे लेखी कळवायचे. असे भाकीत लिहिण्याची तिकडे रीत नाही. आपल्या शाळांत ते दर वर्षी होते. तिच्या शिक्षकाला ते का लागते हे समजावणारे एक पत्र आम्ही तिच्या आईला लिहून दिले. शिक्षकाची भाषा शिक्षकाला लवकर कळते.

अर्जातला निबंध हा आणखी एक घोटाळा. अमेरिकी कॉलेजांना मुलाची कहाणी हवी असते : आजी कशी वारली, बेटावरून आईबाप कसे आले, त्यातून मी काय शिकले. तसा निबंध ती मुलगी फार सुंदर लिहिते. आम्ही वाचला आहे. विलायतेला तो चालत नाही. २०२६च्या प्रवेशापासून यूकासने एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत : हा विषय का शिकायचा, आजवरच्या अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केले. तिन्ही मिळून चार हजार अक्षरे, मधल्या रिकाम्या जागा धरून. तेथे आजीला दोन ओळी मिळतील. बाकी सगळे वैद्यकाबद्दल. वृद्धाश्रमात जेवण भरवले असेल, अपंग मुलांच्या शिबिरात काम केले असेल, तर तेथे काय पाहिले ते लिहावे. मोठ्या सर्जनच्या मागे दोन दिवस पांढरा कोट घालून फिरलो, ह्यापेक्षा सहा महिने दर शनिवारी म्हाताऱ्यांसोबत बसलो हे त्यांना जास्त पटते. आम्हांलाही पटते.

निवड झाली तर डिसेंबर ते मार्चच्या सुमारास मुलाखत. बऱ्याच ठिकाणी ती छोट्या छोट्या मुलाखतींची साखळी असते. ही पद्धत कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात निघाली. एका ठिकाणी काही मिनिटे, घंटा वाजली की पुढच्या ठिकाणी. कुठे आकडेमोड, कुठे नीतीचा प्रश्न. कुठे समोर नट बसवलेला असतो आणि त्याला वाईट बातमी सांगायची असते. परदेशी मुलांची मुलाखत पुष्कळदा संगणकावरूनच घेतात, त्यामुळे विमानाचे भाडे वाचते. येथे अमेरिकेत वाढलेल्या मुलीला एक गोष्ट मुद्दाम शिकावी लागते. तिने लहानपणापासून दवाखान्यात गेल्यावर आधी विम्याचे कार्ड दाखवलेले असते. विलायतेची एनएचएस ही ५ जुलै १९४८ पासून करांच्या पैशांवर चालते. डॉक्टरला दाखवताना खिशात हात घालावा लागत नाही. आपल्या बेटावरही सरकारी इस्पितळात तसेच आहे, म्हणून आपल्याला त्याचे नवल नाही. पण साधने थोडी आणि रोगी फार असताना डॉक्टरने कोणाला आधी पाहावे, हा प्रश्न तिला विचारला जाणार, आणि 'ज्याचा विमा चांगला' हे उत्तर तेथे नाही!

आता जागांचा हिशेब. इंग्लंडमध्ये वैद्यकाच्या जागांपैकी सुमारे साडेसात टक्केच परदेशी मुलांना देण्याचा सरकारी दंडक आहे. शंभरात साडेसात, आणि त्यांत चीन, सिंगापूर, हाँगकाँग, भारत, अमेरिका आणि आपले मॉरिशस, सगळेच आले. काही विद्यापीठे तर एकाही परदेशी मुलाला घेत नाहीत. तेव्हा चार नावे लिहिण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी परदेशी मुलांना किती जागा आहेत आणि एपी चालते का, हे पत्र लिहून विचारावे. बकिंगहॅमसारखे खाजगी विद्यापीठही आहे. तेथे २०१५ पासून साडेचार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम चालतो.

खर्चाबद्दल आपले लोक कुजबुजत बोलतात, आम्ही मोठ्याने सांगतो. इंग्लंडमधल्या घरच्या मुलाला २०२५-२६ सालची फी ९,५३५ पौंड होती. परदेशी मुलाला वैद्यकासाठी साधारणतः वर्षाला चाळीस हजार पौंडांपासून पुढे मोजावे लागतात, आणि केंब्रिजसारख्या ठिकाणी आकडा सत्तर हजारांच्या आसपास जातो. व्हिसासोबत आरोग्य अधिभार दर वर्षाला ७७६ पौंड, तोही पाच वर्षांचा एकदम. राहणे-खाणे वेगळे. अमेरिकी सरकारचे विद्यार्थी कर्ज काही ब्रिटिश विद्यापीठांत वापरता येते, पण आईबापांवर अवलंबून असलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साडेपाच हजार डॉलरच मिळतात. समुद्रात लोटा.

येथे आपल्या घरांतला एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. १९६० आणि ७०च्या दशकांत बेटावरून कितीतरी मुली परिचारिका म्हणून विलायतेत गेल्या, आणि त्यांच्यामुळे पुष्कळ कुटुंबांत ब्रिटिश पासपोर्ट आले. 'पासपोर्ट आहे, मग फी घरच्यासारखी' असे अनेकांना वाटते. तसे नाही. घरची फी लागायला अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे साधारणपणे तेथे वास्तव्य लागते. न्यू जर्सीत वाढलेल्या ब्रिटिश नागरिकालाही बहुधा परदेशी फी भरावी लागते. एका घराने ह्याच भरवशावर हिशेब मांडला होता. तो वेळीच फाडला गेला.

आणि आता ते उत्तर : 'अर्थात घरी येणार, अमेरिकेत.'

ज्या मुलीचा जन्म अमेरिकेत, शाळा अमेरिकेत, पासपोर्ट अमेरिकेचा, ती विलायतेतून डॉक्टर होऊन परतली की अमेरिकेच्या नजरेत परदेशी पदवीधर ठरते. तिला ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, यूएसएमएलईच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि मग रेसिडेन्सीच्या जागेसाठी 'मॅच'मध्ये उभे राहावे लागते. त्यातली एक गंमत अशी की प्रमाणपत्राच्या वाटेवर इंग्रजी भाषेचीही परीक्षा आहे, आणि न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलीलाही तिच्यातून सूट नाही. गंमत येथे संपते. २०२४ सालच्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एम.डी.च्या शेवटच्या वर्षाच्या शंभर विद्यार्थ्यांमागे त्र्याण्णवांहून अधिक जणांना जागा मिळाली. परदेशी शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांत शंभरांत सदुसष्ट. ह्या सदुसष्टांत कॅरिबियन बेटांवरची महाविद्यालयेही आली, आणि विलायतेच्या पदवीला मान जास्त आहे हे खरे. तरीही एवढा खर्च करून उरलेल्या तेहतिसांत आपले मूल असले तर काय, हा विचार आईबापांनी आधी करावा. यूएसएमएलईची पहिली पायरी विलायतेतल्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर नसते. तिकडचा अभ्यास सांभाळून मुलीने एकटीने तयारी करायची. पूर्वी त्या पायरीत भरपूर गुण मिळवून नाव काढता येई. जानेवारी २०२२ पासून तेथे फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. त्यामुळे सगळा भार दुसऱ्या पायरीवर आला आहे. विद्यापीठ नवे असेल तर त्याची पदवी ईसीएफएमजीला चालते का, हे जागतिक वैद्यकीय शाळांच्या सूचीत प्रवेश घेण्यापूर्वीच पाहावे.

'मग विलायतेतच राहील' असे काही जण म्हणतात. राहता येते. शेवटी वैद्यकीय परवान्याची परीक्षा, मग दोन वर्षांचा फाउंडेशन कार्यक्रम. त्यातले पहिले वर्ष पुरे झाले की जीएमसीची पूर्ण नोंदणी. पण त्यापुढे तज्ज्ञ होण्याच्या रांगेत गर्दी झाली आहे. २०२५ साली सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले.

हे सर्व ऐकून त्या माउलीने आम्हांला विचारले, "म्हणजे जाऊ नये म्हणता?" तसे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलीला वैद्यक हवे हे सतराव्या वर्षी खरोखर ठाऊक आहे, जी विलायतेत राहून काम करायलाही तयार आहे, आणि जिच्या घरी पाच-सहा वर्षांचा पैसा कर्जाशिवाय उभा राहू शकतो, तिच्यासाठी हा रस्ता चांगला आहे. एडिंबरो, ग्लासगो, लंडन येथली शिकवण उत्तम. जिला नक्की घरी परतायचे आहे, तिने अमेरिकेतले कॉलेज सोडून देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. वाट पाहण्याची चार वर्षे फुकट जात नाहीत. तेवढ्यात मन बदलले तर रसायनशास्त्राची पदवी तरी हातात राहते. आणि पदवी झाल्यावरही विलायतेचे दार बंद होत नाही. पदवीधरांसाठी तेथे चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांतल्या काहींत परदेशी मुलांना घेत नाहीत, म्हणून आधी चौकशी हवी.

मुलीशी आम्ही स्वतः बोललो. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते, मध्येच आईचा एखादा क्रिओल शब्द टाकते. तिला विलायत का हवी असे विचारले, तेव्हा लंडनला आजी आहे, तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन एनएचएसने पैसे न घेता केले, ते तिने पाहिले होते, असे तिने सांगितले. अर्जाच्या पहिल्या प्रश्नात हेच लिही, पण दोन ओळींत, असे आम्ही तिला सांगितले. दोन्ही देशांत अर्ज करायचे ठरले आहे. यूकॅटची जागा जूनमध्ये नोंदवायची. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला पत्र गेले आहे. अमेरिकी कॉलेजे मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत होय-नाही मागतात आणि एपीचे निकाल जुलैत लागतात, त्यामुळे विलायतेने अटीवर जागा दिली तरी अमेरिकेतल्या एका कॉलेजात अनामत भरून ठेवावी लागेल. ती रक्कम वडिलांनी आताच वेगळी काढली आहे.